घडणावळ सोन्याहून भारी!

सोन्याची २६२ घड्याळं एकीकडे आणि साध्या पोलादाचं एकच घड्याळ दुसरीकडे. तरी भाव मिळाला तो पोलादालाच! जर्मनीतल्या एका छोट्याशा गावातल्या या घड्याळाची आणि ते ज्याच्या आठवणीत घडलं त्या हट्टी म्हाताऱ्याची ही गोष्ट...

सोनाराच्या दुकानात पाय ठेवला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आजचा भाव काय?" आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ, "घडणावळ किती लावणार?" भावाबद्दल आपण फारसं काही बोलू शकत नाही, तो पेपरात छापून आलेला असतो. सगळी घासाघीस होते ती घडणावळीवर. "अहो, एवढी कसली मजुरी? मागच्या वेळी तर कमी लावली होती!" असं म्हणत आपण कारागिराच्या हातचे शे-पाचशे कमी करून घेतो आणि समाधानाने घरी येतो. सोनं ते खरं, मजुरी म्हणजे गेलेला पैसा, हे आपल्या आईने, आजीने आपल्याला शिकवलेलं गणित. मोडीत काढताना सोन्याचे पैसे येतात, घडणावळीचे येत नाहीत. त्यामुळे गणित चुकीचं आहे असंही नाही.

पण हेच गणित उलटं करून दाखवणारी एक वस्तू आहे. तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मी आधी चकित झाले, मग थोडी चिडले आणि शेवटी विचारात पडले. म्हटलं, आपल्या मैत्रिणींनाही सांगावं.

ती वस्तू म्हणजे एक मनगटी घड्याळ. बॅटरीचं नाही, चावीचं. जर्मनीतल्या 'ए. लांगे उंड झ्योने', म्हणजे 'ए. लांगे आणि पुत्र' या कंपनीने २०१७ च्या डिसेंबरमध्ये हे घड्याळ जाहीर केलं. मोजकीच घड्याळं करायची, नंतर पुन्हा कधीच नाही, असं आधीच ठरलेलं. पांढऱ्या सोन्याची १४५, गुलाबी सोन्याची ९० आणि पिवळ्या सोन्याची २७. एकूण झाली २६२. आणि यांच्या जोडीला फक्त एक, जगात एकच, साध्या स्टेनलेस स्टीलचं. आपल्या डबे-वाट्या-ताटल्यांच्या जातीचं!

आता सांगा, यात सगळ्यात महाग कोणतं ठरलं असेल? मे २०१८ मध्ये जिनिव्हात 'फिलिप्स' या लिलाव करणाऱ्या संस्थेने ते एकुलतं एक स्टीलचं घड्याळ विक्रीला काढलं. बोली चढत चढत गेली ८ लाख ५२ हजार ५२५ स्विस फ्रँकपर्यंत. त्यावेळच्या दराने आपले साडेपाच कोटी रुपयांहून जास्त! त्याच्या सोन्याच्या भावंडांची किंमत याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होती. लिलावाचे पैसे मुलांसाठी काम करणाऱ्या 'चिल्ड्रन ॲक्शन' या संस्थेला गेले, एवढं ऐकून माझा राग जरा शांत झाला. तरी प्रश्न उरलाच. स्टीलचं घड्याळ, आणि साडेपाच कोटी? कशाचे?

खनिजांच्या डोंगरातलं गाव

उत्तर शोधायचं तर पावणेदोनशे वर्षांहून जास्त मागे जावं लागतं. जर्मनीच्या पूर्वेला सॅक्सनी नावाचा प्रांत आहे, त्याची राजधानी ड्रेस्डेन. तिथून जवळच डोंगररांगा सुरू होतात. त्यांच्या जर्मन नावाचा अर्थच 'खनिजांचे डोंगर'. तिथल्या एका अरुंद दरीत ग्लासह्युटे हे गाव वसलंय. एकेकाळी तिथे चांदीच्या खाणी होत्या, पण चांदी संपली आणि गावाचं नशीबही संपलं. लोक गवताच्या काड्या विणून कसंबसं पोट भरायचे. आपल्याकडे बायका टोपल्या, सुपं, चटया विणतात ना, तसंच. दिवसभर विणायचं आणि संध्याकाळी हातात पडायचे चार पैसे.

ड्रेस्डेनमध्ये तेव्हा फर्डिनांड आडोल्फ लांगे नावाचा तरुण घड्याळजी होता. १८१५ चा जन्म, वडील बंदुका बनवणारे कारागीर. दरबारी घड्याळजी गुटकेस यांच्याकडे तो काम शिकला. मग पॅरिसला जाऊन मोठ्या घड्याळजींच्या हाताखाली राहिला. परत आल्यावर १८४२ मध्ये गुटकेस यांच्या मुलीशी, आंतोनियाशी, त्याचं लग्न झालं. गुरूचा जावई, हातात कसब, राजधानीत धंदा. दुसरा कोणी असता तर तिथेच सुखाने राहिला असता.

या गुरु-शिष्यांच्या हातचं एक घड्याळ ड्रेस्डेनच्या ऑपेरा हाउससाठी बनलं होतं. नाटक चालू असताना अंधारात श्रीमंत प्रेक्षक आपापली खिशातली टणटण वाजणारी घड्याळं काढून वेळ बघायचे आणि सगळ्यांचा रसभंग व्हायचा, म्हणून राजाला सर्वांना दिसेल असं घड्याळ हवं होतं, असं सांगतात. आज नाटकात वाजणाऱ्या मोबाइलवर आपण वैतागतो, ते दुखणं किती जुनं आहे बघा! या घड्याळाला काटेच नव्हते. दोन चौकटी होत्या, एकीत तास आणि दुसरीत दर पाच मिनिटांनी बदलणारा आकडा.

तर या लांगेंनी सॅक्सनीच्या सरकारला पत्रांवर पत्रं लिहिली. म्हणणं असं की डोंगरातल्या गरीब गावात घड्याळांचा उद्योग उभा करतो, तुम्ही भांडवलासाठी कर्ज द्या. अखेर सुमारे ७,८०० थालर मंजूर झाले आणि ७ डिसेंबर १८४५ रोजी ग्लासह्युटेत काम सुरू झालं. सोबतीला १५ शिकाऊ मुलं, गावातलीच, कालपर्यंत गवत विणणाऱ्या घरांतली.

लांगेंच्या हुशारीचा भाग पुढे आहे. प्रत्येकाला पूर्ण घड्याळ शिकवण्याऐवजी त्यांनी कामं वाटली. एकाने फक्त स्क्रू करायचे, दुसऱ्याने फक्त चाकं, तिसऱ्याने काटे. शिकून तयार झालेल्यांनी गावातच स्वतःची छोटी दुकानं थाटायची आणि एकमेकांना माल पुरवायचा. मापांचा गोंधळ होऊ नये म्हणून दशमान पद्धत आणली. हळूहळू सगळं गावच घड्याळांवर जगायला लागलं. लांगे १८ वर्षं गावाचे महापौर होते. १८७५ मध्ये ते गेले, तेव्हा ग्लासह्युटेचं नाव चांगल्या घड्याळांशी कायमचं जोडलं गेलं होतं.

एका दिवसात सगळं गेलं

आता गोष्टीतला दुसरा माणूस, वाल्टर लांगे. त्या संस्थापक लांगेंचा पणतू. जन्म २९ जुलै १९२४. घरात घड्याळांचीच भाषा, त्यामुळे वाल्टरही घड्याळजीच होणार हे ठरलेलं होतं. पण शिक्षण चालू असतानाच महायुद्धाने त्याला ओढून नेलं. अठरा वर्षांचं पोर सैन्यात गेलं, पायाला जखम घेऊन परत आलं. इकडे गावातला कारखानाही युद्धाच्या कामाला जुंपलेला होता, जर्मन हवाई दलासाठी मोठी घड्याळं बनवत होता.

८ मे १९४५ हा युरोपातल्या युद्धाचा शेवटचा दिवस. त्याच दिवशी ग्लासह्युटेवर सोव्हिएत विमानांनी बाँब टाकले आणि लांगेंच्या कारखान्याची मुख्य इमारत जळाली. अजून एक दिवस निभावला असता तर! पण इतिहासात 'जर-तर' नसतं. उरलेली यंत्रं नुकसानभरपाई म्हणून रशियात गेली. तरीही घरच्या मंडळींनी पुन्हा उभं राहायचा प्रयत्न केला. मग १९४८ मध्ये पूर्व जर्मनीतल्या नव्या राजवटीने कारखानाच ताब्यात घेतला. पणजोबांनी उभं केलेलं, आजोबांनी आणि वडिलांनी वाढवलेलं सगळं एका सरकारी कागदाने सरकारजमा झालं.

वाल्टर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. सरकारी संघटनेत सामील व्हायला त्याने नकार दिला, तेव्हा त्याला युरेनियमच्या खाणीत कामाला पाठवायचं ठरलं. खाणीत जाणं म्हणजे काय हे त्या डोंगरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं. तो पळाला. सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत गेला, फोर्त्सहाइम या गावी स्थिरावला.

मागे ग्लासह्युटेत १९५१ मध्ये सगळे कारखाने एकत्र करून एक मोठा सरकारी कारखाना झाला. तिथे घड्याळं बनत राहिली, बायका-पुरुष कामाला येत राहिले, पण घड्याळावरचं लांगे हे नाव गेलं. देशाच्या मधोमध सीमा आखली गेली, १९६१ मध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली.

फाळणी आपल्यालाही ठाऊक आहे. घर मागे टाकून निघालेल्या माणसाच्या मनात त्या घराची किल्ली कशी जपून ठेवलेली असते, हे सिंधी कॉलनीतल्या कुठल्याही आजींना विचारा. वाल्टर लांगेंची ती किल्ली चाळीस वर्षं जपलेली होती.

सहासष्टाव्या वर्षी नवा संसार

नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. ऑक्टोबर १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले. वाल्टर लांगे तेव्हा ६६ वर्षांचे. आपल्याकडे या वयात माणसाला काय सांगतात? "आता बास झालं, नातवंडं खेळवा, देवाचं नाव घ्या." त्यांनाही तसं सांगणारे भेटले असतीलच. कारण वेळही चुकीची होती. १९६९ मध्ये जपानच्या सेको कंपनीने बॅटरीवर चालणारं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या काही वर्षांत चावीच्या घड्याळांचा धंदा जगभर कोसळला. चावीच्या घड्याळापेक्षा शंभर रुपयांचं बॅटरीचं घड्याळ वेळ जास्त अचूक दाखवतं, हे आजही खरं आहे. मग चावीचं घड्याळ घ्यायचं कोणी आणि कशाला?

आणि सुरुवात तरी कशाने करायची? १९४८ मध्ये सरकारी झालेला कारखाना परत मिळणार नव्हता. कामगार नव्हते, इमारत नव्हती, विकायला एक घड्याळ नव्हतं. होतं फक्त आडनाव.

७ डिसेंबर १९९० रोजी वाल्टर लांगेंनी कंपनीची नोंदणी केली. तारीख लक्षात आली ना? पणजोबांनी सुरुवात केली होती त्याच तारखेला, बरोबर १४५ वर्षांनी. (पांढऱ्या सोन्याची घड्याळं १४५ का, याचं उत्तर हे.) जोडीला ग्युंटर ब्ल्युमलाइन हा धंद्यात मुरलेला माणूस होता. भावना वाल्टरची आणि हिशेब ब्ल्युमलाइनचा, अशी ही जोडी. पैसा बाहेरच्या मोठ्या कंपनीने घातला, हेही सांगायला हवं. नुसत्या जिद्दीवर कारखाने उभे राहत नाहीत. आज ही कंपनी 'रिशमाँ' या मोठ्या समूहाची आहे.

एकीकरणानंतर पूर्व जर्मनीतले सरकारी कारखाने धडाधड बंद होत होते, घराघरांत बेकारी आली होती. अशा वेळी गावातल्या हात बसलेल्या कारागिरांना पुन्हा काम मिळालं. पण काय काम? पूर्वीच्या कारखान्यात भराभर घड्याळं जोडायची होती, आता एकेका स्क्रूवर वेळ घालवायचा होता. चार वर्षं काहीही न विकता नुसती तयारी चालली. २४ ऑक्टोबर १९९४ ला ड्रेस्डेनच्या राजवाड्यात चार नवी घड्याळं जगासमोर ठेवली गेली. पहिल्या खेपेची घड्याळं होती १२३. ती सगळी उचलली गेली. त्यातल्या 'लांगे १' या घड्याळावर तारखेचे दोन मोठे आकडे दोन चौकटींत दिसतात. ते कुठून सुचलं? पणजोबांच्या काळातल्या त्या ऑपेरातल्या घड्याळावरून!

२०१५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासह्युटेत कंपनीची नवी इमारत उघडली, तेव्हा तिथे आल्या होत्या जर्मनीच्या त्यावेळच्या चान्सलर अँगेला मर्केल. त्या स्वतः पूर्व जर्मनीत वाढलेल्या. वाल्टर लांगे त्यावेळी एक्क्याण्णव वर्षांचे होते. जानेवारी २०१७ मध्ये, बाण्णवाव्या वर्षी, ते गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यांच्या आठवणीत ही २६२ अधिक १ घड्याळं जाहीर झाली. घड्याळाच्या यंत्राचं नाव 'एल १९२४', त्यांच्या जन्मवर्षावरून. मॉडेलचा क्रमांक २९७ ने सुरू होतो, म्हणजे २९ जुलै, त्यांचा वाढदिवस. आणि सात डिसेंबरचा मुहूर्त तर यांच्या घरचाच.

टिक-टिक, पण कशी?

आता या घड्याळात असं वेगळं काय आहे? जरा गंमत ऐका. घरातल्या भिंतीवरच्या बॅटरीच्या घड्याळाकडे बघा. सेकंदकाटा टक्-टक् करत एकेक सेकंद उडी मारतो. चावीच्या घड्याळाचा काटा तसा नसतो, तो सरपटत गेल्यासारखा दिसतो, कारण एका सेकंदात तो बारीक बारीक पाच-सहा पावलं टाकतो. या खास घड्याळात दोन सेकंदकाटे आहेत. खालचा छोटा नेहमीसारखा सरपटणारा. मधला मोठा मात्र दर सेकंदाला एक नेमकी उडी घेतो आणि बाजूचं बटण दाबलं की थांबतो, पुन्हा दाबलं की चालायला लागतो.

म्हणजे जे काम बॅटरीचं स्वस्त घड्याळ जन्मतःच करतं, तेच चाकं, स्प्रिंग आणि तरफा यांच्याकडून करून घ्यायला या कारागिरांनी जीव टाकला! वेडेपणा वाटतो ना? पण बॅटरी नव्हती त्या काळात याचा उपयोग होता. डॉक्टरांना नाडी मोजायला नेमका सेकंद हवा असे. थोरल्या लांगेंनी असं थांबवता येणारं उडीचं घड्याळ १८६७ मध्ये केलं आणि १८७७ मध्ये लांगेंना त्याचं पेटंट मिळालं. जर्मनीच्या अगदी पहिल्या पेटंटांपैकी ते एक. वाल्टर लांगेंची ही लाडकी करामत, म्हणून त्यांच्या आठवणीच्या घड्याळात हीच घेतली.

आत डोकावलं तर आपल्या ओळखीच्या बऱ्याच गोष्टी भेटतात. जुन्या घड्याळांवर '१७ ज्वेल्स' असं लिहिलेलं आठवतंय? ती ज्वेल्स म्हणजे कृत्रिम माणकं. चाकाचा आस त्यात फिरतो, म्हणजे घर्षण कमी होतं आणि झीज होत नाही. लांगेंच्या घड्याळात यातली काही माणकं चक्क सोन्याच्या कोंदणात बसवतात आणि ती कोंदणं बारीक निळ्या स्क्रूंनी घट्ट करतात. स्क्रूंचा निळा रंग हा रंग लावून आलेला नसतो. पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवलं की ते आधी पिवळं, मग तपकिरी, मग जांभळट आणि मग निळं होतं. नेमक्या निळ्यावर ते विस्तवापासून बाजूला करायचं. पाकाची तार जमली की कढई उतरवायची तसंच. क्षणभर उशीर झाला की गेलं.

यंत्राचा सांगाडा ज्या धातूचा, त्याला म्हणतात जर्मन सिल्व्हर. आपण ॲल्युमिनिअमच्या पातेल्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणतो ते नव्हे. देवघरातली निरांजनं, तबकं, अत्तरदाण्या ज्या जर्मन सिल्व्हरच्या येतात ते हे. नावात चांदी असली तरी यात चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचं हे मिश्रण. त्यावर कसलाही मुलामा न देता तसंच ठेवतात, त्यामुळे काही वर्षांनी त्याला मंद सोनेरी झाक येते. मात्र काम करताना चुकून बोट लागलं तरी डाग उमटतो.

आणि स्टीलच्या त्या एका घड्याळाची तबकडी काळ्या मीनाकामाची आहे. काचेची पूड भट्टीत धातूवर वितळवून चढवायची. आपल्या मीनाकामाच्या दागिन्यांची हीच रीत.

जोडायचं, मोडायचं, पुन्हा जोडायचं

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. लांगेंकडे प्रत्येक घड्याळ दोनदा जोडतात. शेकडो भाग जुळवून घड्याळ चालू करायचं, वेळ बरोबर येते का बघायची, आणि मग ते सगळं खोलून टाकायचं. भाग धुवायचे, घासायचे, कडा चमकवायच्या, नक्षी पूर्ण करायची, आणि पुन्हा पहिल्यापासून जोडायचं. चालणारं घड्याळ मोडायचं! स्वेटर पूर्ण विणून झाल्यावर एक टाका चुकलेला दिसला म्हणून सगळा उसवणारी एखादी मावशी तुमच्याही घरात असेल. तिला हे लगेच कळेल.

काही पोलादी भाग कथिलाच्या पाटीवर घासत बसतात, एका बाजूने बघितलं तर आरशासारखा आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर काळा कुळकुळीत दिसेपर्यंत. जे भाग घड्याळ मिटल्यावर कधीच कोणाला दिसणार नाहीत, त्यांच्यावरही हात फिरवतात. एका छोट्या पट्टीवर फुलांची नक्षी हाताने कोरतात. साचा नाही, छाप नाही. कोरणाऱ्याची बोटं त्यात उतरतात, त्यामुळे ही नक्षी कोणाच्या हातची हे तिथले लोक बघून ओळखतात. आपण नाही का, करंज्यांच्या मुरडीवरून ही वहिनीची आणि ही काकूंची, हे सांगू शकत? १९९७ पासून कंपनी नवी पिढी स्वतःच तयार करते. मुलंही शिकतात, मुलीही.

म्हणजे साडेपाच कोटी गेले ते कशासाठी? स्टीलसाठी नाही, हे उघड आहे. एकुलतं एक असण्याचे त्यात बरेच पैसे आहेत. ही कंपनी सहसा स्टील वापरत नसे, स्टीलचं नेहमीचं घड्याळ तिने २०१९ मध्ये आणलं. म्हणून हौशी लोकांना त्याचं जास्त अप्रूप. श्रीमंतांच्या चढाओढीचाही वाटा आहे, तो नाकारायचं कारण नाही. असं घड्याळ मला कोणी फुकट दिलं तरी मी ते घालून बाजारात जाणार नाही, बसमध्ये तर नाहीच नाही. पण चढाओढ, दुर्मीळपणा सगळं वजा केलं तरी खाली जे उरतं ते माणसाच्या हाताचं काम आहे. घडणावळ. तिला कोणी "फार होते हो, कमी करा" म्हणालं नाही.

हे वाचताना मला राहून राहून आपल्याकडच्या हातांची आठवण येत होती. माझ्या आईकडे एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं. सकाळी पूजा झाली की ती ओल्या हाताने नाही, पदराला हात पुसून मग चावी द्यायची. ती घड्याळं १९६०च्या दशकापासून बंगळुरूला बनत. 'सुजाता', 'जनता', 'कोहिनूर' ही नावं कित्येकींच्या लग्नातल्या आहेराशी जोडलेली आहेत. त्या घड्याळांच्या कंपनीवर २०१६ मध्ये सरकारने कायमचा पडदा टाकला. बॅटरीपुढे टिकाव लागला नाही, हे कारण खरं. पण ग्लासह्युटेसमोरही तीच बॅटरी होती. तिथे कोणीतरी म्हणालं की हे हात वाया जाऊ द्यायचे नाहीत, आणि त्या हातांची किंमत वाजवून घेतली.

पैठणी विणणारी येवल्यातली बाई, कशिदा काढणारी, गोधडीला टाके घालणारी, घरबसल्या शेवया-पापड करून देणारी... आपण भाव विचारतो तो कापडाचा आणि डाळीचा. "एवढीशी तर गोधडी, आणि एवढे पैसे?" हे वाक्य मीही बोलले आहे. आणि स्वतःच्या कामाचा भाव सांगायची वेळ आली की आपणच म्हणतो, "अहो, माझं काय, घरात बसून करते, सामानाचे तेवढे द्या." सामानाचे तेवढे! आपली घडणावळ आपणच शून्य धरतो. मग दुसरा कशाला मोजेल?

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी तुमच्याकडून ब्लाउजवर भरतकाम करून घेईल, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर देईल, तेव्हा हिशेबाच्या कागदावर सामानाखाली आणखी एक ओळ लिहा. 'घडणावळ'. सुरुवातीला हात अडखळेल, समोरची कदाचित नाक मुरडेल. मुरडू दे. आणि आपण गिऱ्हाईक असू, तेव्हा त्याच ओळीवर घासाघीस करताना जरा थांबू या.

सहासष्टाव्या वर्षी नव्याने दुकान मांडणाऱ्या त्या आजोबांकडून एवढं घेतलं तरी पुष्कळ. घड्याळ राहू दे त्यांचं त्यांच्याकडे.

चौकट : घरातलं चावीचं घड्याळ जपताना

आई-आजीचं, सासऱ्यांचं चावीचं घड्याळ कपाटात पडून असेल तर बाहेर काढा. नीट ठेवलं तर ते अजून कित्येक वर्षं चालेल.

• चावी रोज शक्यतो एकाच वेळी द्या. घड्याळ हातातून काढून चावी द्यावी. मनगटावर असताना चावीवर तिरका जोर पडतो.

• चावी देताना जड लागलं की थांबा. आणखी एक वेढा द्यायचा मोह नको.

• जुन्या घड्याळाला पाणी आणि वाफ चालत नाही. भांडी, धुणं, स्वयंपाक करताना ते काढून ठेवा. काचेआड धुकं दिसलं तर लगेच घड्याळजीकडे न्या.

• टीव्ही, स्पीकर, लोहचुंबकाचं झाकण असलेली पर्स किंवा मोबाइलचं कव्हर यांच्याजवळ ठेवू नका. आतली बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की घड्याळ एकदम पुढे पळायला लागतं.

• वर्षानुवर्षं बंद असलेलं घड्याळ घाईने चालवू नका. आतलं तेल सुकलेलं असतं. आधी साफ करून, तेल घालून घ्या आणि नंतरही चार-पाच वर्षांनी एकदा करत जा.

• तबकडी पिवळी पडली म्हणून रंगवून घेऊ नका. जुनेपणा हीच तिची शोभा आहे.

• आणि घड्याळजींनी साफसफाईचे पैसे सांगितले, की घासाघीस करू नका!